खिंडीत न थांबलेली गाडी

आमच्याकडे, पेणच्या खाडीकडच्या गावांत, बापाला कुणी अहो-जाहो करत नाही. म्हणून इथेही करणार नाही. बाबा आला, बाबा गेला, असंच लिहीन. शाळेत मी मुलांना आदरार्थी बहुवचन शिकवते, तो भाग वेगळा.

बाबाची पिकअप माझ्या लग्नाच्याही आधीची. तरुणपणी तो मिठागरावर राबला, मग कर्ज काढून ही डिझेलची गाडी घेतली आणि मीठ वाहू लागला. मिठागरं कमी झाली तसा डोलवीच्या कंपनीतल्या एका ठेकेदाराचा माल वाहू लागला. श्रावण सरत आला की मात्र बाकी सगळं बंद. पेणच्या कारखान्यांतून गणपती भरायचे आणि नागोठण्यावरून रोह्यापर्यंत घरोघर पोचवायचे. मूर्तींच्या मध्ये पेंढा कोंबायचा आणि मग गाडी अशी हाकायची की एका बोटाचाही टवका उडता कामा नये. इतक्या वर्षांत उडाला नाही. ह्याचा त्याला केवढा तोरा! एरवी माणूस अगदी साधा.

मला रोह्याला दिली. सासरचा गणपतीही पेणचाच. आषाढात आमचा पाट कारखान्यात जायचा आणि त्याच पाटावर आमची मूर्ती घडायची. ती आणायचं काम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बाबाकडे आलं आणि सोबतीला जायचं काम मी स्वतःकडे ओढून घेतलं. सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला जायचं आणि दुपारी मूर्ती मांडीवर घेऊन, तिच्या तोंडावर रुमाल टाकून, बाबाच्या शेजारी बसून परत यायचं.

या हट्टामागे एक कारण होतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी अन्नपाणी घेत नाही. आता कुणी एवढं पाळत नाही, पण बाबा पाळायचा. मला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, मग आम्ही दोघांनी ते सोडून दिलं. बाबाने मात्र आपलं व्रत सोडलं नाही. दरवर्षी पाट आमच्या ओटीवर ठेवायचा, हात जोडायचा, आणि सासूबाई ‘व्याही, घोटभर पाणी तरी’ म्हणेपर्यंत पायरी उतरलेला असायचा. मला राग यायचा. हा माणूस माझ्या दारात पाणी पीत नाही म्हणजे दरवर्षी सगळ्यांदेखत मला मूल नसल्याची आठवण करून देतो, असं वाटायचं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे कळत असूनही वाटायचं.

पण भिसे खिंडीत सगळं वेगळं होतं.

नागोठणं सोडून रोह्याकडे वळलं की ही खिंड लागते. चढ फार मोठा नाही, पण भरलेली जुनी गाडी तिथे धापा टाकायची. काळा धूर सोडत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत अर्धा चढ गेला की एका वळणाला रस्त्याकडेला सपाट जागा आहे. तिथे बाबा गाडी लावायचा. ‘तापली गो,’ म्हणायचा, खाली उतरून बॉनेट उघडायचा आणि मागच्या चाकांना दगड लावायचा. मी मूर्ती पाटासकट सीटवर नीट ठेवायची आणि पिशवीतून डबा काढायची.

डबा मी पहाटे रोह्याला रांधलेला असायचा. तांदळाची भाकरी, शिराळ्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी. तो रोह्याहून पेणला जायचा आणि पेणहून परत खिंडीपर्यंत यायचा. पहिल्या वर्षी मी भीत भीतच पुढे केला. बाबाने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, ‘रस्ता काय कुनाचा सासर नाय. आन हिकडं.’ आणि जेवला. माझ्या हातचं माझा बाप वर्षातून एवढं एकदाच जेवायचा. माहेरी गेले तर आई आणि पुढे वहिनी मला चुलीकडे फिरकू द्यायच्या नाहीत. पाहुणी लेक ना मी!

तो अर्धा-पाऊण तास तो बोलायचा. घरी न बोलणारा माणूस. मिठागरातल्या खाऱ्या पाण्यानं टाचांना भेगा पडायच्या आणि आई त्यांत कोकम तेल भरून द्यायची, ते सांगायचा. मी तीन वर्षांची असताना खाडीच्या बांधावरून घसरले आणि हा चिखलात कमरेइतका उतरला, ते दरवर्षी नव्याने सांगायचा. एकदा म्हणाला, ‘तुजी पाठवणी झाली त्या दिशी मी गाडी धूत बसलो. पानी वाहत व्हतं, म्हनून कुनाला कळला नाय.’ मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आणि हे सगळं मी माझ्या हातांनी घालवलं.

झालं असं की एका वर्षी आम्हाला पोचायला दिवेलागण झाली. आळीतल्या सगळ्या घरी गणपती केव्हाच आलेले. दीर ओटीवर उभा होता. स्वभावाने गमत्या, वाईट नाही. तो म्हणाला, ‘वहिनी, पुढच्या वर्षी बाबांच्या गाडीला बैल जुंपा. लवकर याल.’ सगळे हसले. बाबाही हसला. मी हसले नाही. त्याच दिवशी वाटेत मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी बाबाला ‘म्हाताऱ्या, बाजूला घे भंगार’ म्हणून ओरडलेलं मी ऐकलं होतं. ते आणि हे एकत्र झालं आणि माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावरच असतो.

पुढच्या उन्हाळ्यात बाबाला घेऊन मी पेणमधल्या एका गॅरेजवर गेले. मेस्त्रीने गाडी वर-खाली रेस करून पाहिली, पाइप काढून आत बोट घातलं आणि म्हणाला, ‘मॅडम, टर्बो संपलाय हिचा. धुराच्या जोरावर आतलं चक्र फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. इथं चक्रच ढिलं झालंय, वर तेल पितंय. हवा नाय तर गाडी चढनार कशी?’ त्याच्या म्हणण्याप्रमाणे तसाच नवा बसवता आला असता, पण नव्या मॉडेलचा थोडा मोठा टर्बो आणि पुढे हवा थंड करणारा इंटरकूलर टाकला, डिझेलचा पंप सेट करून घेतला, तर गाडी पुन्हा जवान झाली असती. मी म्हटलं, मोठाच टाका. बाबा ‘नको गो, कशाला, चालतंय की’ करत होता. मी त्याला गप्प केलं. माझ्या पगारातून बापाला काही द्यायची ती पहिलीच वेळ होती आणि ती संधी मी सोडणार नव्हते.

‘एक लक्षात ठेवा,’ मेस्त्री बाबाला म्हणाला, ‘लांबून पळवून आनली की झटकन बंद करायची नाय. दोन मिंटं चालू ठेवायची, टर्बो थंड व्हऊ द्यायचा.’ बाबाने मान डोलावली. दुसऱ्याने सांगितलेलं तो अक्षरशः पाळायचा.

त्या वर्षी मी नेहमीसारखी पेणला गेले, नेहमीसारखा डबा घेऊन. गणपती भरले, आम्ही निघालो. वडखळच्या पुढेच फरक कळला. गाडी बारीक शीळ घालत पळत होती, धूर नाही, धाप नाही. बाबाला पाय आखडता घ्यावा लागत होता, कारण जोर एकदम यायचा आणि मागे मूर्ती होत्या. पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो पाहून मला अगदी धन्य वाटलं.

नागोठणं गेलं. खिंड आली. तिसऱ्या गिअरवर गाडी चढू लागली. ते वळण समोर दिसलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पिशवीच्या बंदावर हात ठेवला. बाबाचा पाय अॅक्सिलरेटरवरून जरा उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत होते. थांब म्हणायचं तर कारण काय सांगायचं? गाडी तर थंड होती आणि ती थंड राहावी म्हणून मीच खटपट केलेली. वळण मागे पडलं.

‘बग, कशी चढली,’ बाबा म्हणाला.

‘हो ना,’ मी म्हटलं.

उन्हं असतानाच आम्ही रोह्यात होतो. दिराने टाळ्या वाजवल्या. टर्बो थंड व्हायला हवा म्हणून बाबाने इंजिन बंदच केलं नाही. चालू गाडीतून पाट उतरवला, ओटीवर ठेवला, हात जोडले आणि दोन मिनिटं संपायच्या आत गेलाही. भरलेला डबा मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सासूबाईंनी उघडून पाहिला आणि झाकण परत लावलं. रात्री नवऱ्याने भाकरी खाल्ली. 

दुसऱ्या वर्षी मी ठरवून गेले होते की थांबायला सांगायचं. वळण आलं आणि जीभ उचलली नाही. तिसऱ्या वर्षी मी डबा नेलाच नाही. चौथ्या वर्षाच्या आत बाबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, भावाने गाडी विकून टाकली आणि आमचा गणपती टेम्पोवाला आणू लागला. तो फोनवर बोलत चालवतो आणि खिंड कधी आली-गेली त्याला कळतही नाही.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. भाऊ शिफ्टला, वहिनी बाजारात. बाबा ओटीवर बसून होता. ऑपरेशन झालंय, पण आता गुडघे गेलेत. कशावरून तरी गाडीचा विषय निघाला आणि एवढ्या वर्षांनी मी बोलून गेले, ‘मीच मूर्ख. टर्बो बदलला नसता तर गाडी तापत राहिली असती.’

बाबा हसला. ‘तापत कवा व्हती? काटा निम्म्याच्या वर कवाच गेला नाय.’

‘मग थांबायचास कशाला?’

‘जेवायला,’ तो म्हणाला. जसं काही हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

‘मग नंतर का नाही थांबलास?’

तो दारासमोरच्या खळ्याकडे पाहत म्हणाला, ‘मना वाटला, तुला थांबायचा कट्टाळा आला. सासरी बोलत असतील उशिरावरून. म्हनून तू येवडा खर्च करून गाडी जलद करून दिलीस. मंग मी कशाला थांबवू?’

मी म्हटलं, ‘बाबा, मला घाई नव्हती रे.’ 

‘आसूं दे गो,’ तो म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘तुजी एस्टी कितीची?’

‘साडेपाचची. अजून तास आहे. बस तू.’

पण तो खांब धरून उठला होता. चपला पायांनी चाचपून घातल्या, माझी पिशवी माझ्या आधी उचलली आणि पायऱ्या उतरू लागला. एस्टी थांबते तो नाका आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

‘हळू चल, बाबा.’

‘चल चल, चुकंल तुजी,’ म्हणत तो त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, माझ्या पुढे, जमेल तितक्या भरभर चालत राहिला.