दहा हजार चारशे तीन

बहात्तरच्या दुष्काळात ईटजवळच्या आमच्या गावी तलावाच्या कामावर अक्का आणि मी खडी फोडत होतो. आईच्या आजारपणात अक्काचं एक वर्ष बुडालं होतं, म्हणून आम्हा दोघी बहिणींची सातवी एकदमच झाली. पुढची शाळा कळंबला, मावशीकडे राहून. पण एकीनं कामावर राहिल्याशिवाय घरात भाकरी शिजणार नव्हती. वडील म्हणाले, "कोण जाणार ते तुमी दोघीच ठरवा." असलं ओझं पोरींच्या डोक्यावर टाकल्याचा राग मला अजून आहे.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. अक्का म्हणाली, "चिठ्ठीला काय अक्कल असती व्हय?" गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस. कामावर पाण्याचा टँकर यायचा, त्याच्या पाठीवर आकडा होता, १०४०३. तिनं त्यावरच ठरवायचं म्हटलं. त्याला कशानं तरी पूर्ण भाग गेला तर अक्का जाणार. कशानंच गेला नाही, म्हणजे ती मूळ संख्या निघाली, तर मी. बाजू मीच आधी निवडली.

"एकशे दोनचा वर्ग दहा हजार चारशे चार," अक्का म्हणाली. "म्हंजी एकशे एकपातुर बघितलं की बास."

दुपारी सुकडी खाऊन आम्ही मातीत काडीनं भागाकार मांडायला बसलो. आळीपाळीनं, एक मूळ संख्या तिची, एक माझी. सातानं एक उरला तेव्हा मी टाळी वाजवली. तेरानं तीन उरले. सत्त्याण्णव तिच्या वाट्याला आला, चोवीस उरले. शेवटचा एकशे एक माझा.

शंभर वेळा एकशे एक म्हणजे दहा हजार एकशे. ते वजा केले, उरले तीनशे तीन. एकशे एक त्रिक तीनशे तीन. खाली काहीच राहिलं नाही. मी पायानं माती सारखी केली आणि म्हणाले, "दोन उरले."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा मग कळंबला." त्या क्षणी मला लाज वाटली नाही, आनंदच झाला.

मी शिकले, गणिताची बाई झाले. लोक हुशार म्हणायचे. कसली हुशार, आयत्या बिळावरचा नागोबा! अक्काचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. मी तिला फसवलं, हे तिला सांगायचं धैर्य गोळा व्हायला बारा वर्षं गेली.

सुट्टीत तिच्या सासरी गेले. ती ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगून टाकलं आणि ढसाढसा रडले. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "वर्गाला एकच कमी पडला की अलीकडचा आन् पलीकडचा आकडा त्याला भागतोच, एकशे एक आन् एकशे तीन. वर्ग काढला तवाच कळालं. तुला सोताच्या हातानं कळावं म्हणून बसले हुते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू कदी खोटं बोलत नव्हतीस. म्हटलं, हिला लईच जायचं असंल."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मलाबी जायचं हुतं गं," ती म्हणाली.