आत्याबाईंचे सहा महिने

दुधनीच्या स्टेशनावर गाडी लागली तेव्हा थोरल्या भावजींनी आमच्या सासूबाईंना, आत्याबाईंना, हाताला धरून डब्यात चढवलं आणि यांना म्हणाले, "सा म्हैने तुमच्याकडं, सा म्हैने आमच्याकडं. आई काय एकट्याची न्हाय." आक्का, तुम्ही थोरल्या जाऊबाई, त्यांच्यामागे मान डोलावत उभ्या होतात. दुष्काळात मेंढरं गेलेली, यांना सोलापूरच्या गिरणीत काम लागलेलं. आत्याबाई तेव्हा नुकत्या विसरायला लागल्या होत्या.

सोलापुरात एकच खोली. मीही गिरणीत लागले, सूत गुंडाळायला. शेजारची नरसम्मा घरीच मागावर लुगडी विणायची. तिची बोली तेलुगू. आत्याबाई मराठी विसरून माहेरची कानडीच बोलायला लागलेल्या. तरी त्या रस्त्यावर निघाल्या की ती माग सोडून धावायची. संध्याकाळी मला म्हणायची, "तू बस जरा. मी हाय की." तेवढ्या बसण्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

सहा महिने झाले, वर्ष झालं. यांनी पत्रं धाडली. घरात बाळंतपण आहे, असं उत्तर आलं. मग पेरणी आहे, असं. मग उत्तरच नाही.

पुढे नरसम्माच्या नवऱ्याला मुंबईत काम मिळालं आणि त्यांचं बिऱ्हाड हललं. तेव्हापासून कामावर जाताना मी आत्याबाईंचा पाय लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधायची. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. परत येईतो सगळं अंगाखाली झालेलं असायचं. एकदा धुताना त्यांनी घाणीचा हात माझ्या तोंडाला लावला आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली. गालावर बोटं उठली. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत, कितीतरी दिवसांनी मराठीत म्हणाल्या, "कुणाची गं तू? लई दमलीस की."

त्यानंतरही मी दोनदा मारलं.

थंडीत त्या गेल्या. तुम्ही दोघं आलात. डोळ्याला पदर लावून तुम्ही चार बायांत म्हणालात, "सून असावी तर अशी." मी खाली बघत राहिले. रडू येत नव्हतं. नुसतं आडवं व्हावंसं वाटत होतं.

तुम्ही निरोप धाडता, घर तुमचंही आहे, या. आक्का, मी येत नाही ती रागानं नव्हे. तिथं उंबऱ्यातच कुणीतरी माझ्या सेवेचं कौतुक काढतं. इथं या खोलीत तसं म्हणणारं कुणी नाही, म्हणून हेच आता माझं घर.