शांताकाकूंचा रांजण आणि माझी टॉर्च

मंडळी, आज परंड्यात डासांच्या अळ्या शोधता शोधता मीच पकडले गेले!

गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघाल्यापासून मी आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर सकाळी घरोघरी साठवलेलं पाणी बघत फिरते. टॉर्च मारायची, अळ्या दिसल्या की भांडं रिकामं करायला लावायचं, एवढंच काम.

शेजारच्या शांताकाकूंच्या मोरीतल्या रांजणात आज अळ्या वळवळत होत्या. मी रुबाबात म्हणाले, "काकू, ओतून द्या सगळं."

काकू रांजणासमोर आडव्या आल्या. "नळ आठ दिसांनी येतो गं बाई. तवर भांडी काय तुझ्या टॉर्चनं घासू?"

मी टॉर्च बंद केली.

काकूंनी जुनं लुगडं आणलं, चौपदरी घडी घातली आणि सगळं पाणी बादल्यांत गाळून काढलं. लुगडं अंगणात उन्हात झटकलं. रांजण काथ्यानं खसाखसा घासला, गाळलेलं पाणी परत भरलं आणि तोंडाला फडकं आवळून बांधलं.

"पाणी टाकायचं न्हाय पोरी, अळ्या टाकायच्या."

आशाताई खूश! "काकू, उद्यापासून तुम्ही पण चला आमच्यासंगं."

"येते की. पर पहिलं हिच्याच घरी जाऊ. फ्रिजमागचं पाणी कवा टाकलंय, इचारा हिला."

मी हसून घरी आले. मग फ्रीज ओढला आणि मागच्या पाण्याच्या ट्रेवर टॉर्च मारली. आत अळ्या वळवळत होत्या!

उद्या काकू यायच्या आधीच ट्रे घासून वाळत घातलाय. तुम्ही तुमच्या फ्रिजमागचा ट्रे शेवटचा कधी बघितला? खरं सांगा, काकूंना नाही सांगणार.