कॅरॅव्हानमधली घंटा

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. माझ्या हातून आयुष्यात फारशा चुका झालेल्या नाहीत, असे माझे मत होते. ते मत मी कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका यार्डात, ओल्या सदऱ्यासकट, पिळून आलो. कसे, ते सांगतो. हसायचे असेल तर शेवटी हसा. मध्ये हसलात तर माझा क्रम चुकतो.

तुम्ही मला ओळखता. हॉस्पिटलात लोकांना भूल देणे हा माझा व्यवसाय, आणि रविवारी मंडळात त्यांना जागे करणे हे मी मानलेले कर्तव्य. सत्य, शिस्त, शुचिता यांवर मी बोलतो. लोक ऐकतात. निदान बसतात.

सुट्टीत हॉटेलात उतरणे मला मान्य नव्हते. सकाळच्या नाश्त्याला ज्या चिमट्याने बेकन उचलायचे, त्याच चिमट्याने माझा टोमॅटो! म्हणून आम्ही कॅरॅव्हान घेतली. गाडीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. दोन पलंग, छोटा ओटा, न्हाणी. नवी कोरी.

आणि घर म्हटले की देव आले. पुढच्या खिडकीखालच्या कपाटावर मी देवघर मांडले. पंचधातूचा गणपती, त्याच्यापुढे तांब्याचे ताम्हन, आणि ताम्हनाच्या बरोबर वर, छताला टांगलेली पितळी घंटा. घंटा नागपूरची, चांगली वजनदार. प्रवासात पडू नये म्हणून मी लांब आट्यांचा हूक आणला आणि तो स्वतःच्या हाताने छतात पिळला. अगदी शेवटपर्यंत.

माझी पत्नी सुनंदा खाली उभी होती.

‘‘अहो, छत केवढं जाड आहे ते बघितलंत का?’’

‘‘छत छताएवढंच असतं, सुनंदा.’’

पाहा! इतक्या आत्मविश्वासाने मी कधी कुणाला भूलही दिलेली नाही.

पहिला प्रवास वेल्सच्या किनाऱ्याला. तीन दिवस पाऊस. दुसऱ्या दिवशी उठलो तर माझी उशी ओली. मागच्या कोपऱ्यातला भिंतीवरचा कागद फुगून आलेला, आणि बोट दाबले तर भिंत आत जाते! नवी वस्तू, आणि भिंत आत जाते! या देशाने एके काळी पूल बांधले, बोटी बांधल्या. आता याला एक पेटी धड बांधता येत नाही, असे मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या वृद्ध बाईंनी खिडकी लावून घेतली.

मग पूजेला बसलो. ताम्हनात पाणी.

‘‘सुनंदा, देवाला स्नान घातल्यावर पाणी तसंच ठेवायचं?’’

‘‘मी कुठे घातलं? कालची पूजा तुमची होती.’’

‘‘मी पाणी ठेवीन?’’

‘‘मग मी ठेवीन?’’

शिळ्या पाण्याविषयी मी पंधरा मिनिटे बोललो. तिने तेवढ्यात पोह्यांसाठी कांदा चिरून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. या वेळी ती बोलली, मी ऐकले. आता तुम्हीच सांगा, ताम्हनात पाणी दिसले तर आपल्यापैकी कुणी छताकडे पाहील का? ताम्हनात पाणी असायचेच. संशय घ्यायचा तो माणसाचा. त्या उन्हाळ्यात, पाऊस पडला की आम्ही नवराबायको एकमेकांच्या श्रद्धेवर शंका घेत होतो.

घरी आल्यावर विक्रेत्याला फोन केला. त्याच्या वर्कशॉपमधून रॉन आला. साठीच्या घरातला, काटकुळा, अबोल. कॅरॅव्हान आमच्या दारातच उभी होती. मी काही सांगण्याआधीच रॉनने बूट काढले; दारातून देव दिसले असावेत. हातात ओल मोजायचे यंत्र. भिंतीला टेकवले की टीं टीं करायचे. मागच्या कोपऱ्यात ते अखंड ओरडले.

‘‘पाणी एका ठिकाणी शिरतं, डॉक, आणि वाहत जाऊन भलतीकडेच निघतं,’’ रॉन म्हणाला. त्याचे बोलणे मी आपल्या भाषेत सांगतो. ‘‘पुढच्या बाजूचं छत बघू का?’’

‘‘तिथे देव आहेत. तिथे हात लावायचा नाही.’’

‘‘बरं. त्या ताटलीत पाणी कसलं आहे?’’

‘‘ते पवित्र पाणी आहे,’’ मी करड्या आवाजात सांगितले. ‘‘त्याची चौकशी नको.’’

‘‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक.’’

त्याने मागची खिडकी काढून पुन्हा बसवली, फटींत सीलंट भरले. पाऊस आला; उशी ओली. तो पुन्हा आला. आमच्याकडच्या लहान शिडीवर उभे राहून, हात पोचेल तिथपर्यंत, छताच्या कडेचे सगळे सांधे त्याने नव्याने भरले. जाताना पुन्हा विचारले, ‘‘पुढचं छत?’’ मी नकारार्थी मान हलवली. पाऊस आला, उशी ओली, आणि ताम्हन काठोकाठ.

आता माझा संयम संपला. नव्या डिजिटल कॅमेऱ्याने मी उशीचे अकरा फोटो काढले आणि चार पानी पत्र लिहिले. तुम्हाला माझी पत्रे ठाऊक आहेत. कॅरॅव्हान ग्राहकाला देण्यापूर्वी तपासली, असा कागद असतो. त्यावर रॉनची सही होती. ती सही खोटी आहे, असे मी लिहिले. जो माणूस न पाहता सही करतो तो आपल्या अन्नाशी प्रतारणा करतो, असेही लिहिले. वाक्य मला आवडले होते. म्हणून अधोरेखित केले.

चार दिवसांनी मॅनेजरबाईंचा फोन आला. मिसेस हॉलिस. आवाज थंड.

‘‘डॉक्टर, सही खोटी असणं ही आमच्याकडे फार गंभीर गोष्ट आहे. रॉनला आम्ही कामावरून बाजूला केलंय. शनिवारी कॅरॅव्हान यार्डात आणा. सगळ्यांसमोर पाइपने पाणी मारून बघू. एक जरी सांधा गळला, तरी त्याची नोकरी गेली.’’

‘‘न्याय्य आहे,’’ मी म्हणालो.

‘‘त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तुमच्या माहितीसाठी.’’

फोन ठेवला. सुनंदा दारात उभी होती.

‘‘काय लिहिलंत हो तुम्ही?’’

‘‘सत्य.’’

‘‘तो माणूस तुमच्या देवासाठी धुतलेले मोजे घालून येतो. दर वेळी. बघितलंत का कधी?’’

मी पाहिले नव्हते. पण सत्य आणि मोजे यांचा संबंध नाही, असे मी तिला समजावले. ती सरळ आत गेली. एवढ्या वर्षांत मला एक कळले आहे: ती भांडते तेव्हा प्रकरण साधे असते.

शनिवार उजाडला. यार्डात कॅरॅव्हान उभी केली. एका बाजूला मिसेस हॉलिस, हातात फाइल. वर्कशॉपमधले पाचसहा जण हात बांधून उभे. रॉनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्याकडे पाहून त्याने मान लववली. राग नाही, काही नाही. मग पाण्याचा पाइप घेऊन तो यार्डातल्या उंच शिडीवर चढला. पाणी मारणे हे त्याचे काम. आत बसून गळती कुठे होते ते पाहणे माझे. ते मीच मागून घेतले होते. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता.

मी आत गेलो, दार लावले आणि देवापुढे मांडी घातली. वर पाणी ताडताड वाजू लागले. मागचा कोपरा पाहिला: कोरडा. खिडक्या: कोरड्या. पाच मिनिटे गेली. ताम्हनावर वाकून मनात म्हटले, देवा, जे खरे असेल ते दाखव.

टप्.

माझ्या टकलावर.

मी वर पाहिले. घंटेच्या कडेवर दुसरा थेंब जमत होता. तो फुगला, लोंबला आणि ताम्हनात पडला. टप्. हूकच्या मुळाशी छतावर चहाच्या डागासारखे एक वर्तुळ. तीन महिने मी या घंटेखाली बसून डोळे मिटत होतो. उघडे ठेवले असते तर!

सगळा उलगडा एका क्षणात झाला. पाणी हूकपाशी शिरत होते. थोडे घंटेवरून ताम्हनात, उरलेले छताच्या पोटातून वाहत माझ्या उशीवर. सांधे निर्दोष होते. सही खरी होती. खोटे होते ते माझे चार पानी पत्र.

आता इथे, मित्रहो, चहा खाली ठेवा. अशा वेळी सज्जन माणसाने काय करावे यावर मी दोन रविवार बोललो आहे. दार उघडावे, बाहेर जावे आणि सांगावे. दार चार पावलांवर होते.

मी काय केले?

मी घंटेचा लोलक मुठीत धरला. आवाज होऊ नये म्हणून! घंटा अलगद काढली, पलंगावर ठेवली, आणि उभा राहून हूक पिळू लागलो. उलटा. हिशोब सरळ होता. हूक काढायचा, भोकाला मेण लावायचे, आणि बाहेर जाऊन उदारपणे म्हणायचे, ‘‘आज काही गळत नाही, रॉनला क्षमा करा.’’ म्हणजे माझी चूक, आणि क्षमा मी करणार! इतक्या झटपट इतके नीच मला सुचेल, हे मलाही माहीत नव्हते.

हूक निघाला. मी तो पँटच्या खिशात टाकला.

आणि मग धार आली. थेंब नव्हे हो, धार! बोटाएवढी जाड! डोक्यावर, चष्म्यावर, सदऱ्याच्या गळ्यातून पोटापर्यंत. मी भोकावर अंगठा दाबला. पाणी अंगठ्याच्या चारी बाजूंनी कारंज्यासारखे उडू लागले. गणपती भिजला, ताम्हन ओसंडले, नित्यपाठाची पोथी तरंगू लागली. एक पाय कपाटावर, एक हात छताला, दुसऱ्या हाताने पोथी शोधतोय. अंगठा काढावा तर पूर, न काढावा तर दार उघडणार कोण?

बाहेरून सुनंदाचा आवाज. ‘‘अहो, काही दिसलं का?’’

‘‘बघतोय!’’

‘‘दाराखालून पाणी येतंय!’’

शेवटी अंगठा सोडला आणि दार उघडले. मी आणि अर्धी बादली पाणी, दोघेही बरोबरच पायरी उतरलो. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मी चष्मा पुसला आणि उभा राहिलो. ‘‘दोष माझा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘देवाच्या घंटेसाठी मी छतात हूक पिळला होता. पाणी तिथून शिरतं, हे मला आत्ताच कळलं. तुम्हाला दाखवण्यासाठी मी तो काढला. रॉनची सही खरी आहे. माझं पत्र मी मागे घेतो.’’

मिसेस हॉलिसनी फाइल मिटली. ‘‘रॉन, सोमवारी कामावर ये,’’ त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, एवढ्या लोकांसमोर हे कबूल करायला धैर्य लागतं.’’ वर्कशॉपमधल्या एकाने टॉवेल आणून दिला. रॉन शिडीवरून उतरला, ओला हात शर्टाला पुसून त्याने माझ्याशी हस्तांदोलन केले. ‘‘प्रामाणिक माणूस आहात, डॉक.’’

मी मान लववली. कशी लववावी हे मला उत्तम कळते.

गाडीत बसलो. कॅरॅव्हान दुरुस्तीसाठी मागे ठेवली होती. यार्डाचे फाटक ओलांडले, पहिला गोलचौक आला. सुनंदा समोर पाहत होती.

‘‘अहो, एक विचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘लोकांना दाखवायला काढला होतात ना हूक?’’

‘‘हो.’’

‘‘मग तो खिशात कशाला? बसताना मांडीला टोचतोय तुमच्या. मघापासून बघतेय.’’

गोलचौकाला एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, ‘‘ते फाटक पाचला बंद होतं.’’

परत वळलो. रॉन एकटाच होता, पाइप गुंडाळत. मी त्याच्यासमोर हूक धरला आणि सरळ सांगून टाकले: दाखवायला काढला नव्हता, लपवायला काढला होता. तुम्ही मला प्रामाणिक म्हणालात, ते मी फुकट घेतले. ते परत करायला आलो आहे.

रॉनने पाइप खाली ठेवला. ‘‘माहीत आहे मला, डॉक.’’

‘‘माहीत आहे?’’

‘‘शिडी उंच होती. पुढच्या छताच्या मधोमध एक चकचकीत टोक दिसलं. ओरडणारच होतो, तेवढ्यात ते फिरायला लागलं. गोल गोल फिरलं आणि खाली गेलं. म्हटलं, डॉकना सापडलं. आता येतील बाहेर, सांगतील.’’

‘‘आणि मी आलो नाही.’’

‘‘नाही आलात. मग मी पाइप बरोबर त्या भोकावर धरला.’’

मी विचारले, ‘‘किती वेळ?’’

‘‘तुम्ही दार उघडेपर्यंत.’’