फळीवरचा सिलिंडर

नानांच्या मॉरिसच्या ब्रेकमध्ये हवा राहिली ती माझ्यामुळे. हे वाक्य मी सात-आठ वर्षं कुणालाच सांगितलं नाही. गेल्या महिन्यात सकाळी काकूंचा फोन आला, ‘सुधीर, अरे नाना गेले...’ आणि मला आधी आठवलं ते हेच. रडू नंतर आलं.

सातपूरच्या कारखान्यात नाना बोरसे आमचे फोरमन होते. लेथवर त्यांचा हात असा, की मोजायच्या आधी ते माप सांगायचे आणि ते जुळायचं. नव्वदचं दशक सरता सरता त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमागे द्राक्षांच्या क्रेटखाली दबलेली जुनी मॉरिस मायनर घरी आणली. काकूंचं माहेर घोटीचं. ‘तुला हिच्यातून माहेरी नेणार,’ असं नानांनी जाहीर करून टाकलं. काकू म्हणाल्या, ‘आधी फाटकापर्यंत तर न्या.’

दर रविवारी मी मदतीला जायचो. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. राहिले ब्रेक. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो तो मास्टर सिलिंडर आतून पार गंजला होता. नानांनी घरच्या लेथवर त्याला बोअर मारून आत पितळी नळी बसवली. आरशासारखी चकाकत होती. पुढच्या चाकांचे छोटे सिलिंडर मात्र मी बसवले.

मग सुरू झालं हवा काढणं. तेलात बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. मी पेडलवर, नाना चाकाशी नळी आणि बाटली घेऊन बसलेले. ‘दाब.’ ‘दाबलंय.’ ‘धरून ठेव... सोड.’ असे पाच रविवार गेले. नाना हटायला तयार नव्हते. पाइपचा एकेक जोड त्यांनी उघडून पुन्हा आवळला, ब्रेकचे शू पुन्हा जुळवले, गाडी पुढून उचलून पाहिली. पेडल मऊ ते मऊच. ‘पाय आहे का उशी आहे तुझी?’ ते माझ्यावर ओरडायचे. सहाव्या रविवारी मात्र ओरडले नाहीत. ‘माझाच बोअर चुकला असणार,’ एवढंच म्हणाले. ‘हात राहत नाही रे या वयात...’ आणि त्यांनी मुंबईहून दुसरा मास्टर सिलिंडर मागवला.

तो आला त्या दिवशी नाना एका लग्नाला देवळ्याला गेले होते. चाकं खोलून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मला दिसलं. हवा सोडायचं निपल सगळ्यात वर हवं, ते खाली होतं. डाव्या चाकाचे सिलिंडर मी उजव्याला लावले होते आणि उजव्याचे डाव्याला. हवा वर अडकलेली, आणि आम्ही सहा रविवार खालून तेल काढत बसलेलो! नाना यायच्या आत मी गुपचूप अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी नवा मास्टर सिलिंडर बसवला, हवा काढली आणि पेडल पहिल्या झटक्यात कडक झालं. नाना हसले. ‘बघ, माझाच चुकला होता.’ त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘होतं कधी कधी, नाना.’

काकू त्या गाडीतून कितीदा तरी घोटीला जाऊन आल्या. पण नानांनी लेथवर ताडपत्री टाकली ती कायमची. कारखान्यातली मुलं पार्ट घेऊन आली की म्हणायचे, ‘दुसरीकडे जा बाबांनो, माझा हात गेलाय.’ तो पितळी नळीचा सिलिंडर त्यांनी लेथच्या वरच्या फळीवर ठेवला होता. रोज दिसेल असा.

तेरावं झाल्यावर आलेल्या रविवारी मी तो उतरवला. नवी रबरं घातली आणि गाडीला बसवला. ‘चांगली चालतेय की, कशाला खोलतोस?’ काकू म्हणाल्या. ‘एकदा बघायचंय,’ मी म्हणालो. पण या कामाला दोघं लागतात. काकू पदर खोचून पेडलवर बसल्या, मी नानांच्या जागी चाकाशी. ‘दाबा, काकू.’ ‘दाबलंय.’ ‘धरून ठेवा... सोडा.’ चार चाकं झाली. बाटलीत एकही बुडबुडा येईना.

‘अरे, दगड झालाय याचा,’ काकू म्हणाल्या. ‘पाय खाली जातच नाही. काढू का?’

‘थोडं थांबा,’ मी म्हणालो. ‘काकू, हा नानांनी बनवलेला सिलिंडर आहे. त्यांचा हात चुकला नव्हता. चाकांचे सिलिंडर मीच उलटे लावले होते, आणि कळल्यावर गप्प बसलो. मला माफ करा.’