राजाभाऊ मेस्त्रींचं माप

आपण चुकू शकतो हे राजाभाऊ मेस्त्रींना मान्य होतं, पण एरवीच्या गप्पांमध्ये. प्रत्यक्ष कामात चुकणारा माणूस नेहमी दुसराच कोणीतरी असायचा. १९८१ साली हा गृहस्थ देवरुखहून रंधा-पटाशीची पेटी घेऊन दुबईला आला आणि अल क्वोजच्या आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होऊन बसला. पठाण, मल्याळी, फिलिपिनो, सगळे त्यांना राजाभाई म्हणत आणि घाबरून असत. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. वयाने त्यांच्या निम्मा, त्यामुळे मला ते घाबरवत नसत, नुसतं शिकवत. शिकवणं जास्त त्रासदायक होतं.

त्यांचा मोठा अभिमान म्हणजे माप. टेप इंचाची, आठ सुतांचा एक इंच, हे लहानपणापासून हातात बसलेलं. कंपनीचं सगळं काम मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर, म्हणून ते मनातल्या मनात पंचवीसने गुणायचे, वरचा पॉइंट चार मागाहून मिळवायचे आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून द्यायचे. कॅल्क्युलेटरला हात लावायचे नाहीत. "नीरव, यंत्राची बॅटरी संपते," असं मला ऐकवायचे. सतरा वर्षांत आकडा चुकला नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्यांना पाठ होतं.

दुसरा अभिमान म्हणजे उष्टं न खाणं. कोणाच्या ताटातलं घेणार नाहीत, आपल्या ताटातलं देणार नाहीत. कामगारांच्या कॅम्पात आठजण एका परातीत भात कालवून खायचे तेव्हा राजाभाऊ आपली ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. जातपात नव्हती त्यात, हे मी नक्की सांगतो. आईने लावलेलं वळण होतं आणि ते मोडायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली एका हॉटेलच्या रिसेप्शनचं काउंटर आमच्याकडे आलं. दोन खांबांच्या मध्ये बसणारी एकसंध सागवानी फळी. साइटवर माप घ्यायला राजाभाऊ गेले, टेपचं दुसरं टोक मी धरलं. बरोबर एकशे वीस इंच. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं ३०००. पॉइंट चारचे अठ्ठेचाळीस मिळवायचे राहून गेले. मीही तिथे बघितलं नाही, आणि नंतर कळल्यावरही गप्प बसलो, हे आधीच सांगून टाकतो.

चिठ्ठी करवतीवरच्या गिर्माकडे गेली. गिर्मा इथिओपियाचा, पस्तिशीचा, सात वर्षं राजाभाऊंच्या हाताखाली. पॉलिश कसं चढवायचं ते राजाभाऊंनीच त्याला शिकवलेलं. त्याने तीन हजारावर फळी कापली, आम्ही ती खांबांमध्ये ठेवली आणि जवळजवळ दोन इंचांची फट राहिली. तेवढी लांब फळी पुन्हा मिळायला दीड महिना लागणार होता. मॅनेजर ओरडत आला, "कोणी कापली?"

राजाभाऊ म्हणाले, "गिर्मा ने काटा."

खोटं नव्हतं. कापली त्यानेच होती. चिठ्ठीबद्दल कोणी विचारलं नाही, राजाभाऊंनी सांगितलं नाही आणि गिर्माही बोलला नाही. मॅनेजरने जागच्या जागी ठरवलं, पुढच्या शनिवारी गिर्माचा व्हिसा कॅन्सल. व्हिसा गेला की माणूस घरी. त्याची बायको अबेबा देरामध्ये एका इथिओपियन हॉटेलात स्वयंपाक करायची, आणि तिचा व्हिसा त्याच्या नावावर होता.

नऊ दिवस राजाभाऊ रोज सकाळी मला म्हणायचे, "उद्या सांगतो मॅनेजरला." मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. नवव्या दिवशी, बुधवारी, सुट्टी झाल्यावर हात धुताना म्हणाले, "चल, गिर्माच्या हॉटेलात जेवायला जाऊ. सात वर्षं बोलावतोय बिचारा."

"आज?"

"मग काय तो गेल्यावर?"

देरातल्या नायफच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर ते हॉटेल होतं. बुटकी स्टुलं, मधोमध वेताच्या टोपलीसारखं टेबल, आणि कोपऱ्यात भाजल्या जाणाऱ्या कॉफीच्या बियांचा धूर. गिर्मा आम्हाला बघून उठला, हसला नाही, पण स्टुलं मात्र पुसून दिली. अबेबाने एक भलंमोठं ताट आणून मध्ये ठेवलं. ताटभर पसरलेली करडी, जाळीदार पोळी, तिला ते इंजेरा म्हणतात, आणि तिच्यावर जागोजागी कालवणं. बुधवार म्हणजे त्यांचा उपास, त्यामुळे मांस नाही, दूध नाही.

राजाभाऊंचा आत्मविश्वास लगेच परत आला. पोळीचा कोपरा मोडून म्हणाले, "आंबोळी आहे रे ही. फक्त पीठ आपल्यापेक्षा दोन दिवस जास्त आंबवलंय. आणि हे पिठलं. ही मसुराची आमटी, तिखट जरा सढळ हाताने पडलंय." मग अबेबाकडे वळून, "बहन, एक अलग प्लेट मिलेगा?"

अबेबाने गिर्माकडे पाहिलं. गिर्माने मान हलवली. प्लेट आली. राजाभाऊंनी पळीने त्यात थोडं थोडं वाढून घेतलं, आमटी उजवीकडे, कोबीची भाजी डावीकडे, अगदी आपल्याकडे पान वाढतात तसं. तिघे एका ताटात आणि हे एकटे बशीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण सुरू झालं तसं अबेबाने इंजेराचा तुकडा मोडला, त्यात पिठलं-भाजी गुंडाळून चांगला मोठा घास केला आणि सरळ माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. आपल्याकडे नवरानवरी एकमेकांना भरवतात, तेव्हा फोटो काढतात. इथे पाहुण्याला भरवतात आणि कोणी वर बघतही नाही. गिर्माने अबेबाला भरवलं. मग मला भरवलं. राजाभाऊंना मात्र कोणी विचारलं नाही.

राजाभाऊंच्या ते लक्षात आलं. उष्टं नको म्हणणारा हा माणूस, पण वगळलेलं त्याला चालेना. म्हणाले, "क्यों गिर्मा, मेरे को नहीं खिलाएगा?"

गिर्मा शांतपणे म्हणाला, "राजाभाई, हमारे में दिल साफ हो तो ही खिलाते हैं. मेरे दिल में आपके लिए बात है. झूठा निवाला मैं नहीं देता."

राजाभाऊंनी आपली बशी बाजूला सारली. स्टूल पुढे ओढलं, मधल्या ताटात हात घातला, इंजेरा मोडला आणि घास केला. सुताराची बोटं, घास अगदी रेखीव झाला. तो त्यांनी गिर्माच्या तोंडासमोर धरला.

गिर्माने तोंड उघडलं नाही.

आमटीचा लाल ओघळ राजाभाऊंच्या मनगटावरून बाहीत गेला. त्यांनी हात खाली घेतला नाही. म्हणाले, "माप मेरा गलत था. चिठ्ठी पे तीन हजार मैंने लिखा. तेरा कसूर नहीं. कल सुबह मॅनेजर को बोलता हूँ."

"नौ दिन से कल ही है, राजाभाई."

म्हणजे रोज सकाळचं आमचं बोलणं करवतीपर्यंत ऐकू जात होतं, त्याला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं आता राजाभाऊ चिडतील, उठून जातील. ते उठले खरे, पण गल्ल्याकडे गेले. उजव्या हातात घास तसाच, डाव्या हाताने फोन ओढला आणि मॅनेजरच्या घरचा नंबर फिरवला. सुतारकामातल्या मोठ्या आवाजाची सवय, सगळ्या हॉटेलाने ऐकलं.

"सर, राजा स्पीकिंग. काउंटर मेजरमेंट, माय मिस्टेक. स्लिप माय रायटिंग. गिर्मा नो मिस्टेक. यस सर. नो सर, नॉट ड्रंक सर."

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत उभे राहिले. घासातलं पिठलं बोटांवर सुकायला लागलं होतं. शेवटी "ओके सर" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि येऊन स्टुलावर बसले. मान ताठ होती. मी इतकी वर्षं त्यांची ताठ मान बघत होतो, पण त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली.

"क्या बोला?" अबेबाने विचारलं.

"गिर्मा का काम चालू. व्हिसा-बिसा कुछ नहीं होगा."

"और आप?" गिर्मा म्हणाला.

"शनिवार से फोरमन दुसरा. मैं वापस रंधे पे. खलास." त्यांनी हात पुन्हा पुढे केला. "अब खाता है कि ठंडा करेगा?"

गिर्माने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि तोंड उघडलं.