कापड्याच्या खाचरावरचं ग्लायडर

महाडच्या एसटी आगारात वीस-बावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली आडवं होऊन काम केल्यावर बुद्धरत्नला आभाळ बघायची हौस लागली. त्याचा शाळासोबती रऊफ कुवेतहून कायमचा परतला, तो येताना रिमोटवर उडणारं, छोट्या मोटरचं ग्लायडर घेऊन आला. पण ते त्याच्याच्यानं नीट उडेना. बुद्धरत्नने तोल पाहिला, नाकात शिशाचा तुकडा सरकवला आणि कापडे गावाला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरावर ते असं तरंगलं की दोघं खुळ्यासारखे बघत राहिले. आठ वर्षांत तिथं सात जणांचा क्लब झाला. सगळ्यांना उडवायला शिकवलं बुद्धरत्नने. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत.

यंदा मात्र तो दमला होता. गुडघे वाकत नव्हते, आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. "गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली सांभाळा." घरी बायकोला त्याने हे सांगितलं, क्लबात कुणालाच नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याने ग्लायडर वर नेलं आणि मोटर बंद केली. अकराचं ऊन होतं, जमीन तापली होती. डोंगराच्या अंगाला दोन घारी पंख न हलवता गोल फिरत चढत होत्या. त्यांच्याखाली शिरलं की गरम हवाच ग्लायडर उचलते, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलेलं. तो शिरला. ग्लायडर चढत गेलं, चिमणीएवढं झालं, आणि दिसेनासं झालं.

त्याने मान हलवली, डोळे मिचकावले. नुसतं पांढरं आभाळ. अंगठ्याखालच्या दांड्या कुठे वळवाव्यात कळेना. क्षणभर वाटलं, पडू दे कुठेतरी रानात, बॅटरी गेली म्हणून सांगू.

"रऊफ," तो हलकेच म्हणाला, "मला दिसत नाय."

"ऊन डोळ्यावर येतंय काय?"

"ऊन नाय रे. मला दिसतच नाय. धर हे."

रऊफने रिमोट घेतला, वर पाहिलं आणि दहा मिनिटं घिरट्या घालत ग्लायडर खाली आणलं. बुद्धरत्न बांधावर बसला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"कधीपासून?" रऊफने विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि तू एकट्यानंच घेऊन बसलास?"

"सांगून काय करणार होतास?"

ग्लायडरचे पंख सुटे करून रऊफने पिकअपमध्ये ठेवले.

पुढचे दोन रविवार बुद्धरत्न घरीच पडून राहिला. बायको म्हणाली, जाऊन तरी या. तो कूस बदलून निजला. तिसऱ्या रविवारी दाराशी रऊफच्या पिकअपचा हॉर्न वाजला.

"मी येऊन काय करू?" बुद्धरत्न दारातूनच म्हणाला.

"ग्लायडर फेकायला माणूस नाय. माझा खांदा धरलाय."

"बाकीचे पाच जण काय करतात?"

"वाकडं फेकतात. चल, उगाच वेळ काढू नको."

तो गेला. वाऱ्याकडे तोंड करून चार पावलं धावला, गुडघ्यातून कळ आली तरी हात सरळ ठेवून त्याने ग्लायडर सोडलं. सागाच्या झाडांपर्यंत ते त्याला दिसलं. पुढे रऊफ सांगत राहिला, "डावीकडं घेतलं... घार हाय बाजूला... चढतंय." बुद्धरत्न मान वर करून "हं" म्हणत होता. मध्येच त्याने विचारलं, "नाक खाली हाय काय?"

"जरासं."

"मग दांडी जरा मागं घे. हळू."

दुपारपर्यंत त्याने नऊ वेळा ग्लायडर फेकलं. परतताना रऊफ डोळ्यांसाठी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं काहीतरी सांगू लागला, पण बुद्धरत्नचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीला डोकं टेकून तो महाड येईपर्यंत गाढ झोपला.